दोन पायऱ्या उजळ

धान कापायला आलं की माझ्या पोटात अजून दुखतं. वैद्याला दाखवण्यासारखं हे दुखणं नाही. बांधीतलं पाणी उतरतं, चिखलाचा वास जाऊन पिकल्या धानाचा कोरडा, गोडसर वास सुटतो, बायका विळे घेऊन वाकतात, मागे कापल्या धानाच्या कडपा पडत जातात, आणि मला कवडूचा हेवा वाटू लागतो. कवडू म्हणजे पुरुष. गुळगुळीत दाढी केलेला, मिशा न ठेवणारा, पण पुरुषच. नांगर धरणारा, बायको-लेकरांचा धनी. अशा माणसाचा एखाद्या बाईनं आपल्या नवऱ्यापायी मत्सर करावा, हे ऐकून लोक हसतील. हसू देत. माझा मत्सर आता माझ्याबरोबरच म्हातारा झाला आहे आणि त्याला लाजबीज उरलेली नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. आरमोरीजवळच्या एका गावात मी लग्न होऊन आले, ती पेंटरच्या घरात. आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवत, एटापल्लीकडे लाकडाच्या डेपोंवरचे फलक लिहायला जात, भिंतींवर हत्ती-घोडे काढत; पण त्यांचा जीव नाटकाच्या पडद्यांत. सारा मुलूख त्यांना पेंटर म्हणूनच ओळखे. मीही मनातल्या मनात त्यांना पेंटरच म्हणायची, कारण नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती.

माझ्या चुलीवर एका बाजूला भात शिजे आणि दुसऱ्या बाजूला सरस. पडद्याचा रंग कापडाला धरून राहावा म्हणून भुकटीत शिजवलेला सरस घालावा लागतो, आणि तो सरस हाडाकातड्याचा असतो. त्याचा वास पहिल्या महिन्यात मला सहन होईना, नंतर भाताला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटे. नागभीडहून छोट्या आगगाडीनं रंगाचे पुडे येत. पिवडी, गेरू, हिंगूळ, नीळ, सफेदा. काजळी मात्र घरची, माझ्या दिव्यावर धरलेली. पाट्यावर हे रंग वाटता वाटता माझ्या बांगड्यांचे रंग ओळखू येईनासे झाले होते. सासरी आलेल्या पोरी लोणची-पापड शिकतात, मी गेरूत किती पिवडी पडली की माणसाच्या अंगाचा रंग होतो ते शिकले.

आणखी एक शिकले. सरसातला ओला रंग खोटं बोलतो. वाटीत तो गडद दिसतो आणि कापडावर वाळला की फिका पडतो. म्हणून हे प्रत्येक रंगाचा एक फटकारा चिंधीवर मारत आणि ती चिंधी माझ्याकडे फेकत. मी ती चुलीच्या उबेला धरायची. ‘वारला का वो?’ रंग वाळला का म्हणून ते अंगणातून ओरडत. ‘वारला जी. लई उतरला,’ मी आतून ओरडायची. मग ते वाटीत चिमूटभर काजळी घालत. आमच्या संसारातलं बरंचसं बोलणं असं चिंध्यांवरून होई, आणि मला ते पुरतही असे. त्या कार्तिकापर्यंत.

त्या कार्तिकात आमच्या गावच्या नाटकवाल्यांनी ठरवलं की औंदा नवा दर्शनी पडदा करायचा. आमच्या या झाडी मुलखात धान घरात आलं की शंकरपट भरतो; दिवसभर बैलजोड्या पळतात आणि दिवे लागले की नाटक. शेजारच्या गावानं आदल्या वर्षी पडद्यावर राजवाडा काढून घेतला होता आणि वर्षभर त्याच्या फुशारक्या मारल्या होत्या. राजवाड्याला उत्तर काय द्यायचं? आमच्या लोकांना एकच उत्तर सुचलं. कवडू.

कवडू आमची नायिका होता. तेव्हा आमच्याकडे बायकांची कामं पुरुषच करत, आणि कवडूसारखी कोणी करत नसे. तो पदर सावरत रंगमंचावर आला की गावोगावचे बाप्ये श्वास धरून बसत. त्याच्या चालण्यावरून बायका आपल्या सुनांना नावं ठेवत. त्याचं तोंड पडद्यावर काढायचं, एवढं मोठं की शेवटच्या बैलगाडीवर बसलेल्यालाही ओळखू यावं, असं काम यांच्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू आमच्या खळ्यावर हजर. घरूनच तोंडाला सफेदा आणि गालांना हिंगूळ लावून आला होता. हे म्हणाले, ‘नाटकाचं लुगडं मयकट दिसते. अवो, तुयं लग्नाचं हिरवं लुगडं काढ.’ आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी काढून दिलं. नवी नवरी काय बोलणार? कवडूनं ते नेसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘वयनी, पदर बरोबर पडला का?’

बरोबर पडला होता. माझ्या खांद्यावर तो कधी तसा पडला नव्हता. माझं लग्नाचं लुगडं माझ्यापेक्षा कवडूला शोभत होतं, आणि धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्यापुढे, सकाळच्या उन्हात, तो मान किंचित कलती करून बसला तेव्हा वाटेनं जाणाऱ्या बायका थांबून पाहू लागल्या.

पण हेवा लुगड्याचा नव्हता. हेवा यांच्या पाहण्याचा होता. हे एक डोळा मिटत, दुसरा बारीक करत, मान मागे नेत आणि कवडूकडे असं पाहत, असं पाहत, की माझ्या अंगाचा तिळपापड होई. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. त्या दोघांत काही वावगं आहे असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. तेवढी खुळी मी नव्हते. मला फक्त ते पाहणं हवं होतं. यांनी एकदा, एकदाच, माझ्याकडे तसं डोळे बारीक करून पाहावं आणि जे दिसेल ते काढावं. दागिना मागितला असता तर तो तरी कधीतरी मिळाला असता. हे कसं मागायचं?

मी काही ना काही निमित्त काढून खळ्यावर जायची. कधी गुळाचा चहा, कधी पाण्याचा गडवा. एकदा चहा ठेवून मी जरा रेंगाळले. कवडूच्या बाजूला उभी राहिले, मुद्दाम, ऊन माझ्याही तोंडावर पडेल अशी. यांची नजर कवडूवरून सरकत माझ्यापर्यंत आली. मी मान किंचित कलती केली.

‘अवो, बाजूले हो,’ हे म्हणाले. ‘उजेड अडवून राह्यली तू.’

घरात येऊन मी पाट्यावर हिंगूळ असा रगडला की पाट्याला खाच पडली असेल. कवडूच्या गालासाठी हिंगूळ, आणि तो वाटायचा मी! कपाळासाठी पिवडीत सफेदा. हनुवटीजवळ एक हिरवट छटा, तिच्यात किंचित नीळ, कारण लुगड्याचा हिरवा रंग उन्हात तिथे परावर्तित होतो म्हणे. गळ्याला जांभळट झाक. चिंध्यांवर चिंध्या येत होत्या, मी त्या वाळवत होते, आणि एकेक चिंधी अशी नाजूक रंगाची की चुलीत घालावीशी वाटे. मला कधी कोणी हिरवट म्हटलं नव्हतं, जांभळट म्हटलं नव्हतं. सासूबाई पाहायला आल्या तेव्हा त्यांनी एका शब्दात माझा रंग सांगून टाकला होता, ‘पोरगी कारी आहे, पन कामाची आहे.’

पडदा झाला. उन्हात तो इतका सुंदर दिसे की मी त्याच्याकडे पाठ करून धान पाखडायची.

शंकरपटाच्या आधी एका संध्याकाळी नाटकवाल्यांनी तो चौकात बांबूंवर चढवला. दिवेलागणीची वेळ, अजून आभाळात थोडा उजेड. गॅसबत्ती पंप मारून पेटवली आणि पडद्यापुढे टांगली. सूं सूं आवाज करत तिचा पांढरा झोत पडद्यावर पडला आणि कवडूचं तोंड नाहीसं झालं. पिवळं कपाळ पांढरं पडलं, गुलाबी गाल पांढरे पडले, हिरवट, जांभळट सगळं त्याच पांढऱ्यात बुडालं. दोन डोळे आणि एक तोंड तेवढं त्यात तरंगत राहिलं.

‘पेंटरभाऊ,’ गर्दीतून कोणीतरी म्हणालं, ‘हे कवडू आहे का पिठाचा उंडा?’

सगळे हसले. कवडूही हसला, पण ओठांनीच. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? असा आनंद झाला की पदर तोंडावर घ्यावा लागला. मग मी यांच्याकडे पाहिलं. हे बत्तीखाली उभे होते, हातातला कुंचला उलटा धरून, आणि मी तोंडावरचा पदर खाली घेतला.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. ओसरीवर बसून चिंध्या चाळत राहिले, मी वाळवलेल्या. एकेक चिंधी दिव्यापुढे धरायची आणि टाकायची.

‘सारे रंग निराळे, अन् सारे एकाच उजेडाचे,’ हे म्हणाले. ‘दिवसा चालून गेलं. बत्तीखाली पिवरं बी पांढरं अन् गुलाबी बी पांढरं. मी रंगाच्या नादी लागलो वो. कुठी किती अंधार आहे, ते पाह्यलंच नाई.’

‘पन तुमी तं त्याच्याकडेच पाहून राह्यले होते रोज,’ मी म्हटलं. ते ‘रोज’ जरा जोरातच निघालं.

‘कवडूकडे कुठी? त्याच्या सफेद्याकडे. त्यानं तोंडाले सफेदा फासला, त्याच्या तोंडावर सावलीच नोयती. मी सफेद्याचं चित्र काढलं.’

बिनासफेद्याचा कवडू चालण्यासारखा नव्हता. सफेदा धुतला की जबडा रुंद, दाढीची निळसर खूण, सरळसरळ शेतकरी बाप्या. पडद्यावर बाई हवी होती, बत्तीच्या उजेडातली बाई. हे काम सोडून देतात की काय असं मला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कोनाड्यातली चिमणी पेटवत होते. काडी विझवली, काच बसवली, आणि मागून आवाज आला.

‘हल्लू नोको.’

मी हलले नाही. हे उंबऱ्यात उभे होते. एक डोळा मिटलेला, दुसरा बारीक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं त्या पेंटरला अखेर आपल्या घरात एक बाई आहे असं दिसलं होतं. आता मला वाटतं, त्या घटकेला कोणी मला विचारलं असतं की आणखी काय हवं, तर मला काही आठवलं नसतं.

यांनी तोच पडदा भिंतीवर ताणला आणि करवंट्या रांगेनं मांडल्या. पहिलीत नुसती काजळी, शेवटचीत नुसता सफेदा, मधल्या एकीपेक्षा एक उजळ. रंग नाहीच. ‘रंग मागून,’ हे म्हणाले. ‘रंग चुकला तं मानूस बिमार दिसते. उजेड चुकला तं मानूसच दिसत नाई.’ माझ्याकडे पाहायचं, डोळा बारीक करायचा, करवंटीत कुंचला बुडवायचा. नाकाच्या बाजूचा अंधार. खालच्या ओठाखालचा. गालाच्या हाडाखालचा. हनुवटीखालचा, सगळ्यात दाट. मला पाहताना हे माझे तुकडे पाडत होते, आणि माझ्या डोळ्यांकडे तर एकदाही पाहिलं नाही. डोळे कवडूचेच ठेवायचे होते ना. तरीही मी बसून राहिले, संध्याकाळमागून संध्याकाळ, पाठीला रग लागेपर्यंत. भाताला करप लागली तरी उठले नाही.

एकदा मी विचारलं, ‘मी तं कारी. कवडूभाऊ गोरा. माया तोंडाचं त्याले काय कामाचं?’

‘तुया रंग नाई पाहिजे मले,’ हे कुंचला न थांबवता म्हणाले. ‘तुया तोंडावरच्या पायऱ्या पाहिजेत. कपारापासून गालापावतर उजेड एक पायरी उतरते. गालापासून हनुवटीखाली तीन. ते अंतर तसंच ठेवतो, अन् सारी निसनी, पुरी शिडीच, दोन पायऱ्या वर उचलतो. झाला कवडू.’

‘अन् मायं कारेपन?’

‘ते इथीच राह्यते.’

किती सहज म्हणाले! जसं काही कुदळ-फावडं घरी ठेवून जायचं. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही करायला बंदी होती कारण हलायचं नव्हतं.

वर आणखी ताकीद. ‘कोनाले सांगजो नोको. पेंटराच्या बायकोचं तोंड पडद्यावर गेलं म्हनतीन. गावात राहाले जागा नाई देनार.’ ते खरंच होतं. नाटकाला बायका बाप्यांच्या मागे, पदर ओढून बसत. पडद्यावर घरंदाज बाईचं तोंड म्हणजे डोंगर कोसळला असता. मी कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

शंकरपटाच्या दिवशी धूळ खाली बसली, गाड्या सोडल्या, लोक तणसावर दाटीवाटीनं बसले. बत्ती लागली. पडद्यावर एक तोंड असं उठून आलं की पुढच्या ओळीतली माणसं मागे सरकली. गालाचं हाड, ओठाखालची खळगी, हनुवटीखालचा अंधार. सगळं गोल, भरीव, आता मान वळवेल असं. मग एकच गलका झाला, ‘कवडू! कवडू!’

‘अगाई, हुबेहूब कवडू व!’ माझ्या मागची बाई मला कोपरानं ढोसत म्हणाली.

मी मान हलवली. दुसरं काय करणार? ती हनुवटी माझ्या मानेवर होती, पदराखाली, आणि सारा गाव तिला कवडू म्हणत होता. तेवढ्यात कवडू माझ्या हिरव्या लुगड्यात पडद्यापुढे आला आणि त्यानं हात जोडले. लोक वेडे झाले. आधी मला यांच्या नजरेचा हेवा वाटत होता. त्या संध्याकाळी मला माझ्याच तोंडाचा हेवा वाटू लागला, कारण दोन पायऱ्या उजळ करून ते दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

घरी परतताना बांधाच्या वाटेवर हे पुढे, मी मागे. यांची चाल हलकी झाली होती. मी धीर करून म्हटलं, ‘अजी, आता एक मायं काढा ना.’

हे थांबले. खरोखरच बुचकळ्यात पडल्यासारखे माझ्याकडे वळले. ‘तुयं तं काढलं,’ म्हणाले.

पुढे आमचा संसार बरा झाला. यांनी कितीतरी तोंडं काढली. पाटलांची, गुरुजींची, वारलेल्या लेकरांची. घरचे लोक सांगायचे, पेंटरभाऊ, जरा गोरं काढा. हे गोरं काढत, पण पायऱ्या सोडत नसत, म्हणून ती माणसं ओळखू येत. माझं पुन्हा काढलं नाही. त्यांच्या हिशेबी ते काम झालं होतं, आणि झालेलं काम ते पुन्हा करत नसत. हे गेले तेव्हा त्यांच्या कुंचल्यांना मी कुणाला हात लावू दिला नाही. एवढ्या वर्षांत माझा राग निवला असेल असं लोकांना वाटेल. माणूस जातं, पण त्याच्याकडून मिळायचं राहिलेलं जात नाही. कापणी आली, बत्तीच्या रॉकेलचा वास कुठूनसा आला, की मी पुन्हा त्या बांधाच्या वाटेवर उभी असते.

औंदा धान कडपात असतानाच कवडू गेला. मी भेटीला गेले. त्याची बायको भागरथाबाई ओसरीवर बसली होती, आता माझ्यासारखीच वाळलेली. तिच्याशी माझं कधी फार बोलणं नव्हतं. कवडूशी जिचं लग्न झालं ती माझ्या मत्सराच्या हद्दीत कधी आलीच नव्हती. आत गेले आणि दचकले. भिंतीवर तो पडदा. पडदा कसला, फाटलेल्या पडद्यातून कापून घेतलेलं नुसतं तोंड. पडदा फाटला तेव्हाच नाटकवाल्यांनी ते कवडूला देऊन टाकलं होतं म्हणे. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. हार घातला होता, कुंकू लावलं होतं. रंग बहुतेक उडाले होते. गुलाबी नाही, पिवळं नाही. राहिला होता तो उजेड आणि अंधार.

भागरथाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दारात कोणी नाही ना, हे तिनं पाहून घेतलं.

‘बाई, तुमी पेंटराच्या घरच्या,’ ती हळूच म्हणाली. ‘तुमाले माईत असंन. हे कोन आहे?’

‘कोन म्हंजे? कवडूभाऊ.’

‘डोरे त्याचे. नाक त्याचं. पन हे गालाखाली अन् हनुवटीखाली कोन आहे? मी जलमभर त्याले चिमणीच्या उजेडात वाढलं. त्याच्या तोंडावर सावली अशी नोयती पडत. हे बाईमानूस आहे. त्याच्या मनात कोनी तरी होती, अन् तिचं तोंड पेंटरानं उतरवलं. लई इचारलं मी. मरेपावतर कबूल नाई झाला. रोज सकारी उठून मी इच्याकडे पाहो, अन् रोज जरत राहो.’

जळत राहिली. रोज. यांनी मला काही संध्याकाळी पाहिलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. ही बाई सारा जन्म माझ्यासमोर उभी राहून मला पाहत आली होती आणि तिनं मला कवडूतून नेमकी वेगळी काढली होती. खरं सांगायला हवं होतं. बिचाऱ्या कवडूवरचा आळ उतरला असता, तिच्याही जिवाला गारवा मिळाला असता. ते शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण त्यांच्या आधी दुसरेच बाहेर पडले.

‘देखनी होती का वो ते?’ मी विचारलं.

भागरथाबाईनं डोळे बारीक केले आणि त्या तोंडाकडे कितीतरी वेळ पाहिलं.

‘म्हनून तं जरली,’ ती म्हणाली.